टाळाबरोबर वही

(शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी झालेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे.)



वीणेकरी बाबा, चोपदार, मृदंगमणी, टाळकरी मंडळी, आमच्या मायबहिणींनो, आणि मंडपाच्या बाहेर गाड्यांवर बसून ऐकणाऱ्या पोरांनो. आजचं बोलणं तुमच्याविषयीच आहे, तवा जरा आत या. सतरंजीवर जागा आहे.

समितीची मंडळी म्हणाली, महाराज, शंभर वर्षांच्या पुस्तकासाठी तुमचं भाषण पाहिजे, कीर्तन नको. विषय काय, तर पोरांचं वाचणं-लिहिणं. आम्ही चौथी शिकलेलो. पुढं नांगर हातात आला. चौथीवाल्यानं शाळेच्या विषयावर बोलावं, आणि समोर चार गुरुजी बसलेले. पण आम्ही हो म्हटलं. आम्हाला जी अक्षरं आली ती चार वर्षांत शाळेनं दिली आणि ती टिकवली मात्र या मंडपानं. शाळा सुटल्यावर आम्ही पारायणाला बसलो नसतो तर आज सही सोडून काही उरलं नसतं. आमच्या वर्गात होती त्यातल्या कितीतरी जणांचं तसंच झालं. सुगी, गुरं, विहिरीचं काम, आणि पाच-सात वर्षांत अक्षर पुसून गेलं. अक्षर हे विहिरीसारखं आहे बघा, उपसा थांबला की गाळ भरतो.

आता आपल्या पंथाकडं बघा. आपण म्हणतो आपला पंथ भोळ्याभाबड्यांचा, ऐकणाऱ्यांचा, नाचणाऱ्यांचा. खरंय. पण लिहून ठेवणारा हात नसता तर ऐकायला काय उरलं असतं? माउली नेवाशाला बोलले, शके १२१२ साल, आणि लिहून कोणी घेतलं? सच्चिदानंदबाबांनी. पुढं तीनशे वर्षांत नकलांवर नकला झाल्या, कुणी शब्द बदलले, कुणी पदरच्या ओव्या घातल्या. तेव्हा नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये बसून एकेक पाठ तपासला, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. एवढा मोठा संत, स्वतःचं भागवत लिहिणारा, पण दुसऱ्याच्या ग्रंथातलं अक्षर न् अक्षर बघत बसला. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले असं परंपरा सांगते. जनाबाईचं लिहायला तर खुद्द पांडुरंग बसला, अशी कथा आहे. आता ती कथा आहे असं म्हणा, पण कथा रचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा मान किती वाटत होता ते बघा. देवाला त्यानं लेखनिक केला!

आणि आपल्या शेजारचे, चाकणचे संताजी जगनाडे. जातीचे तेली, घाण्याचा धंदा. त्यांनी तुकोबांचे अभंग उतरवून घेतले. गाथा इंद्रायणीतून तरून वर आली हे आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो, तुम्ही टाळ्या देता. पण तरण्याची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. संताजींसारख्यांच्या वह्यांत ते अभंग होते, लोकांच्या तोंडात होते, आणि पुढं गावोगावच्या माणसांनी बाडं लिहून ती पुढच्याच्या हातात दिली. निळोबारायांचं पिंपळनेर आपल्या शिरूरपासून काही लांब नाही. तिथवर तुकोबांचा शब्द कसा पोचला असेल याचा विचार करा. छापखाना नव्हता, मोटार नव्हती.

आपल्या दिंडीत जुनं एक बाड आहे. सुतळीनं बांधलेलं. त्यात अभंग आहेत, मध्येच शिध्याचा हिशेब आहे, कोणी किती ज्वारी दिली, कोणी गूळ दिला, आणि एका पानावर कुणाच्या तरी बैलाच्या औषधाचा पाला लिहिलेला आहे. अक्षर तीन-चार हातांचं दिसतं. ही माणसं काही पंडित नव्हती. दिवसभर मोटेवर राबून आलेली होती.

आता आजचं बोलू. यंदाच्या पारायणात कोण बसलं होतं ते तुम्हीच बघितलंत. निम्म्याहून जास्त वाचक साठीच्या पुढचे. चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेले. मधल्या वयाची माणसं थोडी. पोरं नाहीतच म्हटलं तरी चालेल. पोरांना भक्ती नाही असं आम्ही म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. आपली पोरं पखवाज असा वाजवतात की आमच्या तरुणपणी असा हात आम्ही ऐकला नव्हता. पावली धरतात, फुगडी घालतात, चाली तर मोबाइलवर ऐकून ऐकून पाठ. पण त्यातल्याच एका पोराला, तोंडपाठ अभंग म्हणणाऱ्या, आम्ही गाथा पुढं ठेवून म्हणालो, बाळ, हाच अभंग यात कुठं आहे तो काढून दाखव. त्याला काढता येईना. सूचीत अकारविल्हे शोधायचं असतं हे ठाऊक नाही. आणि सापडून दिल्यावर बघून म्हणायला लागला तर पाठ होता त्याच्यापेक्षा हळू! जोडाक्षर आलं की थांबतो. कान तयार झाला आहे, डोळा झाला नाही.

हे आपल्याच गावात आहे असं नाही. इथल्या गुरुजींनी आम्हाला एका पाहणीचं वाचून दाखवलं. 'असर' म्हणतात तिला. २०२३ साली देशातल्या २८ जिल्ह्यांत खेड्यांतली १४ ते १८ वयाची पोरं-पोरी तपासली, चौतीस हजारांच्या वर. त्यातल्या चौघांमधल्या साधारण एकाला आपल्या भाषेतलं दुसरीच्या पुस्तकातलं वाचन सरळ वाचता येत नाही. दुसरीचं म्हणतोय आम्ही, ज्ञानेश्वरीचं नाही. आणि दुसरी गोष्ट त्याच पाहणीतली, जवळजवळ नव्वद टक्के पोरांच्या घरात मोठा मोबाइल आहे आणि तो चालवता येतो. शाळेत नाव तर बहुतेकांचं आहे. म्हणजे शाळा आहे, मोबाइल आहे, आणि वाचन नाही. गुरुजींनी हे वाचलं तेव्हा आमच्याकडं बघून मान खाली घातली. आम्ही म्हणालो, गुरुजी, तुमच्या एकट्याचं हे काम नव्हतंच.

शाळेत पोरगं वाचतं ते कशासाठी, तर प्रश्नाचं उत्तर शोधायला. धडा नाही वाचत, धड्याखालचा प्रश्न वाचतं आणि गाइडातलं उत्तर उतरवतं. सोबत सगळ्यांची वही बघा, एकच उत्तर, एकच चूक. पंधरा ऑक्टोबरला अब्दुल कलामसाहेबांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी पोरं पुस्तक उघडून बसतात, फोटो निघतो. आम्ही त्याला नावं ठेवत नाही. एक दिवस तर एक दिवस. पण सोळा ऑक्टोबरला ते पुस्तक कुठं असतं ते बघावं, कपाटात, आणि किल्ली साहेबांकडं.

शाळा सुटलेल्या पोरांचं काय? तुम्ही म्हणाल ती वाचतच नाहीत. तसंही नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस दल आहे, त्यामुळं आपल्या भागात वर्दीचं वेड जुनं. पहाटे चारला रस्त्यानं पोरं पळताना दिसतात, पारायणाच्या काकड्याला उठलेल्या माणसाला तीच सोबत. शिरूरला, दौंडला अभ्यासिकेत खुर्ची भाड्यानं घेऊन बसतात. ढीगभर वाचतात. मैदान मारतात आणि शंभर मार्कांच्या लेखी पेपरात अडकतात. का अडकतात? आम्ही एकाला विचारलं. म्हणाला, महाराज, प्रश्न समजून घेण्यातच वेळ जातो. दहा-बारा वर्षं उत्तर पाठ केलं, प्रश्न कधी शांतपणे वाचला नाही, त्याचं हे फळ. आणि भरतीचं वय निघून गेलं की ती पुस्तकं रद्दीत. त्यानंतर हा गडी काय वाचतो? मोबाइलवर वर सरकवत जातो.

लिहिण्याचं तर विचारूच नका. आपल्या तरुण मंडळींचं मोठ्यात मोठं लेखन म्हणजे वाढदिवसाचा फ्लेक्स. चाळीस फोटो, चाळीस नावं, आणि मध्ये 'हार्दीक', ही दीर्घ. चौकात महिनाभर लटकतं. लहान पोरं येता-जाता तेच वाचतात आणि तेच लिहितात. हसू नका, त्यात तुमचंही नाव आहे, आम्ही वाचलंय. मोबाइलवर मराठी लिहितात ते इंग्रजी अक्षरात. विठ्ठल हा शब्द इंग्रजी अक्षरात लिहिला की त्यातला ठ्ठ जातो, ळ आणि ल सारखा होतो, बाळ आणि बाल एकच. आम्हाला इंग्रजीचा राग नाही. पोरांनी इंग्रजी शिकावं, रांजणगावच्या कंपनीत तिच्यावाचून पुढं जाता येत नाही. पण बोलायचं मराठी आणि लिहायचं भलत्याच अक्षरात, त्यानं दोन्ही कच्चं राहतं.

यानं काय बिघडतं, असं एखादा म्हणेल. दिंडीतलीच गोष्ट सांगतो. काही वर्षांमागं तुकोबांच्या पालखीसोबत आपण वरवंडच्या मुक्कामाला होतो. यवतची पिठलं-भाकरी खाऊन आदल्या दिवशी निघालो, सगळी मंडळी खुशीत. संध्याकाळी कळलं, एक म्हातारी चुकली. ती आपल्या गावची नव्हती, बहिणीच्या सोबतीनं आलेली, रांजणगाव सांडसची. बहीण घाबरून रडायला लागली. आपला बारावी झालेला पोरगा पळत ध्वनिक्षेपकावर गेला, चिठ्ठी दिली. चिठ्ठी इंग्रजी अक्षरात. त्यावर काय, तर मावशी, रांजणगाव, हिरवं लुगडं. नाव नाही! कारण सगळे तिला मावशीच म्हणत होते, आणि दिंडीत कोण कोण आहे याची यादी कुणाकडं नव्हती. मोबाइलच्या ग्रुपवर सगळ्यांचे फोटो होते, नावं नव्हती.

रांजणगाव म्हटल्यावर पुकारणाऱ्यानं आपल्या मनानं पुढं गणपती जोडला. का नाही जोडणार, अष्टविनायकातलं गाव. झालं, तिकडच्या दिंडीतली माणसं आपली कुणी म्हातारी हरवली म्हणून राहुट्या मोजायला लागली. आणि आपली मावशी कुठं? ध्वनिक्षेपकापासून हाकेच्या अंतरावर, एका लिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. रात्री अकराला सापडली. आम्ही म्हटलं, मावशी, एवढ्यांदा पुकारलं, ऐकलं नाही? म्हणाली, "ऐकलं की. पण ती गणपतीच्या रांजणगावची कोण हुती. माझं गाव सांडस. म्या म्हणलं, बिचारी लवकर सापडू दे."

तेव्हा हसलो आम्ही सगळे. पण म्हातारीला साखर होती, गोळी चुकली होती, आणि पाऊस येत होता. चार शब्द नीट लिहिले असते, नाव, नवऱ्याचं नाव, गाव रांजणगाव सांडस, तालुका शिरूर, तर पाच मिनिटांचं काम होतं.

दुसरी गोष्ट आपल्या शिवारातली. भीमेच्या या अंगाला आणि त्या अंगाला ऊस. दिवाळी झाली की बीड, जालना, नगरकडून ऊसतोडीची कुटुंबं येतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांची पोरं कुणाच्या पटावर आहेत? नाव तिकडच्या शाळेत, पोरगं इकडं फडात. मध्यंतरी साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. गावाकडं पोरं ठेवायला हंगामी वसतिगृहं काढली, पण आठ-नऊ वर्षांची पोरगी मागं ठेवायला आईचं काळीज तयार होत नाही, आणि धाकट्याला सांभाळायला ती लागते. कायदा तर २०१० पासून आहे, सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक लेकराला शिक्षणाचा हक्क. कायद्याला फडातली वाट सापडायला वेळ लागतो.

एका एकादशीला आम्ही कोप्यांवर भजनाला गेलो होतो. तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा टाळ फार सुंदर धरत होता. त्याला विचारलं, वाचता येतं का? म्हणाला, आकडं येत्यात. काट्याच्या पावतीवरचं वजन तो फडाफडा वाचत होता. ट्रॉलीच्या मागं लिहिलेलं माउली कृपा वाचत होता, खरं म्हणजे चित्र ओळखावं तसं ओळखत होता. पण मुकादमाच्या वहीत त्याच्या बापाच्या नावापुढं उचल किती, फिटली किती, बाकी किती आणि कशापोटी, हे त्या घरात कुणाला वाचता येत नव्हतं. मुकादम सांगेल ते खरं. सगळे मुकादम लबाड असतात असं आम्ही म्हणत नाही. पण वही एकाच्याच हातात असली आणि वाचताही त्यालाच येत असलं, तर समोरच्यानं काय करायचं?

तसंच आपल्या घरी नाही का? सोसायटीच्या कर्जाचा कागद, फेरफार, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, कंपनीतल्या ठेकेदाराचा करार. पदवीधर पोरगं सुद्धा म्हणतं, कुठं सही करू तेवढं सांगा. आमचे वडील अंगठेबहाद्दर होते, पण कागद दोन माणसांकडून वाचून घेतल्याशिवाय शाई लावत नव्हते. शिकलेला न वाचता सही करतो, याला काय म्हणावं!

आपल्या दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. त्यांनी धर्म बदलला, त्याचा वाद आज इथं काढायचा नाही. पण केलं काय ते बघा. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली, विधवा, त्यांनी केडगावच्या माळावर आणल्या. त्या काळी उच्च घरातल्या बाईला अक्षर शिकवायला लोक भीत, आणि या बाईनं अनाथ मुलींच्या हाती छापखान्याचे खिळे दिले. मुली अक्षर जुळवायला शिकल्या, पुस्तकं छापायला लागल्या. बाईंनी बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ साली देह ठेवला तोवर त्यांचं तेच काम चालू होतं. आपल्या दिंडीचे मूळपुरुष वारीला निघाले तो काळ हाच. म्हणजे आपण इकडं टाळ घेऊन निघालो तेव्हा दहा-वीस कोसांवर पोरी मराठी ग्रंथ छापत होत्या. चांगलं काम दुसऱ्याच्या अंगणात झालं म्हणून बघायचं नाही, हा वारकऱ्याचा धर्म नव्हे.

आणि आपल्या अंगणातलंही आहेच. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. खेड्यातली पोरं माधुकरी मागून तिथं शिकली, आज गावोगाव उभे राहणारे कितीतरी कीर्तनकार त्याच वाटेनं आले. गाडगेबाबांनी उभा जन्म कीर्तनातून एकच गोष्ट लोकांच्या कानी घातली, पोरं शिकवा. बाबांना स्वतःला शाळा मिळाली नव्हती. आपल्या शिरूर तालुक्यात वाबळेवाडीच्या लोकांनी जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी जमिनी दिल्या, ती शाळा बघायला लांबून माणसं आली. गावानं मनावर घेतलं की होतं.

आमचं मागणं मोठं नाही. पारायणाला म्हाताऱ्या वाचकाशेजारी एक पोरगं किंवा पोरगी बसवा. एकाच ग्रंथावर दोघं. नऊ हजार तेहतीस ओव्या सात दिवसांत उरकायच्या म्हणून गाडी पळवू नका, पोरगं अडलं तर थांबा. व्यासपीठावरच्या मंडळींना हे जड जाईल, आम्हाला ठाऊक आहे, वेळ पुढं जाईल, पंगत लांबेल. लांबू द्या. यंदा आठवीतली एक मुलगी आजोबांचा चष्मा फुटला म्हणून त्यांच्या जागी दोन दिवस बसली. तिसऱ्या अध्यायाला अडखळत होती, सातव्याला सगळ्यांबरोबर आली. मग आजोबांचा चष्मा दुरुस्त झाला आणि आपण तिला उठवलं! कशाला उठवलं? दुसरा ग्रंथ नव्हता का? तिला उद्या परत बसवायचं, हे समितीनं कबूल केलंय, सगळ्यांसमोर सांगतो म्हणजे फिरता येणार नाही.

दुसरं, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत दर एकादशीला कोप्यांवर भजनाला जायचं, तेव्हा सोबत पाट्या-पेन्सिली न्यायच्या. भजनाआधी अर्धा तास. शिकवायला भरतीची तयारी करणारी पोरं येतील का? आम्ही विचारलं, दोघं हो म्हणाले. समोर बसलेत, नाव घेत नाही, लाजतात. शाळेची बरोबरी अर्ध्या तासात होत नाही, गुरुजी, आम्हाला समजतं. पण त्या मुलाला बापाची बाकी वाचता आली तरी पुष्कळ झालं.

आणि वारीची वही. दोनशे पानी, रेघांची, आणलेली आहे. वीणेच्या खांबाशी ठेवली आहे, पेन दोरीनं बांधलाय, कारण पेन कुठं जातात ते पांडुरंगालाच ठाऊक. रोजचा मुक्काम, शिधा कुणाचा, पाऊस पडला का, कुणाचे पाय सुजले, सगळं त्यात पोरांनी लिहायचं, मराठी अक्षरात. चुकलं तर खोडून पुन्हा लिहा, पान फाडू नका. आज हरिपाठाआधी नावनोंदणी सुरू करायची आहे. ज्यांना यंदा यायचं त्यांनी पूर्ण नाव सांगा, मावशी, आक्का, तात्या असलं चालणार नाही. औषध चालू असेल तर तेही सांगा. आणि लिहिणाऱ्यांनो, गावापुढं तालुका घाला. रांजणगाव कुणी म्हटलं तर गणपतीचं का सांडस, ते विचारल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका.

राम कृष्ण हरी.